पाइनचे लाकूड आणि पाइनचा मुलूख

बेंगळुरू शहरात पाइनचे झाड क्वचितच दृष्टीस पडते. पाइनचे लाकूड मात्र जागोजागी भेटते. पीण्या औद्योगिक वसाहतीत उतरणाऱ्या यंत्रांच्या पेट्या, गोदामांतील पॅलेट, जुन्या पेट्यांच्या फळ्या रंधून केलेली टेबले आणि पुस्तकांची कपाटे, या सर्वांत फिकट पिवळसर, तपकिरी गाठींचे हे हलके लाकूड दिसते. अभ्यासदौऱ्यावर महाराष्ट्रातून येणारे शेतकरी ते हाताळून पाहतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात : “हे लाकूड आपण परदेशातून विकत आणतो, मग हेच झाड आमच्या माळावर का लावू नये?”

प्रश्न रास्त आहे. त्याला “विदेशी झाड नको” एवढेच उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, सीताफळ आणि काजू ही सर्व अमेरिका खंडातून आलेली पिके आपण आपलीशी केली आहेत. तेव्हा झाड कोठून आले यापेक्षा ते आपल्या मुलखात कोणत्या अटींवर जगत होते आणि त्या अटी आपण पुरवू शकतो का, हे तपासणे अधिक महत्त्वाचे आहे. पाइनच्या उदाहरणावरून ही तपासणी कशी करावी, हे या लेखात मांडत आहे.

ओळख आणि मूळ मुलूख

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लालबागेत व बेंगळुरूच्या जुन्या बंगल्यांच्या आवारांत जी उंच, सरळ, थराथरांनी फांद्या फुटलेली झाडे दिसतात आणि ज्यांना लोक ‘ख्रिसमस ट्री’ किंवा पाइन म्हणतात, ती बहुतेक अरौकारिया आहेत. अरौकारियाचे कुळच निराळे असून त्याच्या बागेत लावल्या जाणाऱ्या जाती दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरून आणि ऑस्ट्रेलियातून आल्या. खऱ्या पाइनची खूण सोपी आहे. त्याची पाने सुईसारखी असतात आणि त्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडीने, तळाशी एका पातळ आवरणात बांधलेल्या असतात. फळाच्या जागी खवल्याखवल्यांचा कठीण शंकू असतो. आपल्याकडे हिमालयातील चीड हा खरा पाइन होय. द्वीपकल्पीय भारतात मात्र पाइनची एकही जात मूळची नाही, ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी.

बाजारात येणाऱ्या आयात पाइनमध्ये ‘रेडिएटा’ या जातीचा वाटा मोठा आहे. न्यूझीलंडहून येत असल्याने पुष्कळांना ती तेथलीच वाटते. वस्तुतः पायनस रेडिएटा हा उत्तर अमेरिकेचा वृक्ष आहे. त्याचा मूळ मुलूख विलक्षण लहान आहे. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील अन्यो नुएवो, मॉन्टेरे आणि कॅम्ब्रिया ही तीन ठिकाणे, तसेच मेक्सिकोच्या हद्दीतील ग्वादालुपे आणि सेद्रोस ही दोन बेटे, एवढ्याच पाच जागी तो निसर्गतः वाढतो. मुख्य भूमीवरील त्याचे वन आज केवळ काही हजार हेक्टर उरले आहे आणि जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. उलट न्यूझीलंडमध्ये सुमारे १७ लाख हेक्टरवर लागवडीचे वन असून त्यातील सुमारे नऊ-दशांश क्षेत्र एकट्या रेडिएटाचे आहे. तेथे २५ ते ३० वर्षांत हे झाड तोडणीला येते.

घरी दुर्मीळ आणि परक्या देशी विपुल असा हा वृक्ष आहे. येथेच आपली फसगत होण्याचा संभव असतो. न्यूझीलंडमधील यश पाहून “हे झाड कोठेही येते” असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, परंतु तो चुकीचा आहे.

आकडा सारखा, ऋतू उलटे

रेडिएटाच्या मूळ प्रदेशात वर्षाला साधारण ४०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याचा वार्षिक पाऊस ७०० मिलिमीटरच्या थोडा वर आहे आणि बेंगळुरूचा हजाराच्या आत-बाहेर. केवळ हा आकडा पाहिला तर दख्खनचे पठार या झाडासाठी अनुकूल वाटेल. रोपवाटिकेच्या पत्रकात “पर्जन्यमान ५०० ते १००० मिमी” असे एक वाक्य छापले की शेतकऱ्याचे समाधान होते. परंतु पाऊस किती, याच्या आधी पाऊस केव्हा, हे विचारले पाहिजे.

मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर पाऊस पडतो तो हिवाळ्यात, साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल या काळात. उन्हाळा कोरडा असतो, पण कडक नसतो. थंड समुद्रावरून येणारे दाट धुके किनाऱ्यावर पसरते, सुयांवर त्याचे थेंब जमतात आणि खाली जमिनीवर टपकतात. पाऊस नसलेल्या महिन्यांत झाडाला हा ओलावा मिळतो आणि धुक्यामुळे बाष्पीभवनही कमी होते. आपल्याकडे नेमके उलटे आहे. ऊब आणि ओल एकाच वेळी, म्हणजे जून ते ऑक्टोबर या काळात येतात. त्यानंतर सहा-सात महिने जमीन कोरडी पडते आणि एप्रिल-मे महिन्यांत धुक्याऐवजी उष्ण वारे वाहतात.

उबदार हवा आणि ओल्या सुया एकत्र आल्या की काय होते, याचा धडा पूर्व आफ्रिकेने घेतला आहे. केनिया आणि टांझानिया येथील उंच प्रदेशांत रेडिएटाची मोठी लागवड करण्यात आली होती. तेथे डोथिस्ट्रोमा नावाच्या बुरशीने सुयांवर करपा आणला. सुयांवर तांबूस पट्टे पडत, त्या गळून जात आणि झाडांची वाढ खुंटे. अखेर १९६० च्या दशकात त्या देशांना या जातीची लागवड सोडून द्यावी लागली. न्यूझीलंडमध्येही हा रोग पोहोचला. तेथे ताम्रयुक्त बुरशीनाशकाची विमानातून फवारणी करून तो आटोक्यात ठेवण्यात आला. द्राक्षबागायतदारांना ताम्रयुक्त फवारणीचा खर्च माहीत आहे. तीस वर्षांनी तोडल्या जाणाऱ्या शंभर फूट उंचीच्या झाडांसाठी तो खर्च आपला शेतकरी पेलू शकेल का, याचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा.

झाड एकटे जगत नाही

झाडाच्या अटी हवामानापाशी संपत नाहीत. पाइनच्या मुळांवर विशिष्ट सहजीवी बुरशींचे आवरण असते. त्यांच्या तंतूंद्वारे झाड जमिनीतील स्फुरद व पाणी मिळवते आणि मोबदल्यात बुरशीला शर्करा देते. उष्ण कटिबंधातील अनेक देशांत पाइनची पहिली रोपे पिवळी पडून खुरटली, याचे कारण तेथील मातीत ही बुरशी नव्हती. जुन्या पाइनवनातील माती आणून रोपवाटिकेत मिसळल्यानंतर रोपे तरारली. ज्या पठारावर पाइन कधीच नव्हता, तेथील मुरमाड जमिनीत त्याचे हे सोबती आपोआप असतील, अशी अपेक्षा धरता येत नाही.

आगीशीही या वृक्षाचे नाते आहे. रेडिएटाचे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात आणि अनेक वर्षे फांदीवर तसेच राहतात. वणव्याच्या किंवा कडक उन्हाच्या उष्णतेने राळ वितळते, खवले उघडतात आणि पंख असलेले बी राखेने माखलेल्या मोकळ्या जमिनीवर पडते. म्हणून त्याच्या नैसर्गिक वनांत पुष्कळदा एकाच वयाची झाडे दाटीने उभी दिसतात. गळलेल्या सुयांचा जाड थर आणि राळेने भरलेले लाकूड वणव्याला खाद्य पुरवतात. दरवर्षी मार्च ते मे या काळात आपल्या डोंगरांवर वणवे लागतात. तेथे असे झाड लावणे म्हणजे आगीला सरपण जमवून देण्यासारखे आहे.

चराईचे उदाहरण तर आपल्या परिचयाचे वाटेल. ग्वादालुपे बेटावर एकोणिसाव्या शतकात शेळ्या सोडण्यात आल्या. त्यांनी कोवळी रोपे इतकी खाल्ली की पुढे तेथे केवळ म्हातारी झाडे उरली. नवी पिढीच तयार होईना. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शेळ्या हटविल्यावर रोपे पुन्हा उगवू लागली. बियाणे आणि मोठी झाडे सुरक्षित असूनही रोपांना संरक्षण नसेल तर वन टिकत नाही, हे आपल्या वृक्षलागवड मोहिमांनाही तितकेच लागू आहे.

चांगले सोबती मुद्दाम आणावे लागतात; वाईट सोबती मात्र न बोलावता येतात. पाइनच्या खोडात राहणारा एक सूक्ष्म सूत्रकृमी मूळ उत्तर अमेरिकेचा आहे. तेथील बहुतेक पाइन त्याला सहन करतात. लांब शिंगांचे भुंगेरे त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. हाच सूत्रकृमी लाकडातून जपानमध्ये पोहोचला आणि तेथील पाइनवनांची मोठी हानी झाली. पुढे चीन व कोरियात आणि १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये तो आढळला. अशा किडी लाकडी पेट्यांतून पसरू नयेत म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम करण्यात आला. त्यानुसार लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे ठेवावे लागते. अशा पेटीवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा संकेत आणि प्रक्रियेसाठी ‘एचटी’ ही अक्षरे उमटवलेली असतात. बाहेरून आलेल्या पेट्यांचे लाकूड शेतावर आणताना हे चिन्ह पाहावे. त्यावर साल राहिली असेल किंवा ताजा भुसा गळताना दिसला, तर ते लाकूड साठवू नये.

ही भीती काल्पनिक नाही. मेक्सिकोकडील पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तमिळनाडूत आढळला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रातील पपई उत्पादकांपर्यंत पोहोचला. २०१० मध्ये बेंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेच्या माध्यमातून त्याच्या मूळ प्रदेशातील परजीवी कीटक आणून सोडण्यात आला, तेव्हा तो आटोक्यात आला. शत्रू आधी आला, त्याचा शत्रू आपल्याला शोधून आणावा लागला.

रुजला नाही तर नुकसान, रुजला तरी प्रश्न

येथे कोणी म्हणेल की रेडिएटा जमत नसेल तर आपल्या ऋतुमानाला जुळणारा दुसरा पाइन निवडावा. तसा प्रयोग दक्षिणेत झालेला आहे. मेक्सिकोच्या डोंगरांतील पायनस पॅटुला हा लांब, खाली लोंबणाऱ्या सुयांचा वृक्ष आहे. त्याच्या मूळ प्रदेशात पाऊस उन्हाळी महिन्यांत पडतो. म्हणूनच निलगिरी पर्वत आणि कोडईकनालचा पलनी डोंगर येथे तो चांगला रुजला. परंतु ज्या जमिनीवर तो लावला गेला, ती ओसाड नव्हती. ती शोला वनांच्या सभोवतीची, हजारो वर्षांची गवताळ कुरणे होती. पाइन, वॅटल आणि युकॅलिप्टस यांची लागवड व शेतीचा विस्तार यांमुळे पलनी डोंगरावरील हा गवताळ प्रदेश चार दशकांत दोन-तृतीयांशाने घटला, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले आहे. वाऱ्यावर उडणारे बी आता लागवडीची हद्द ओलांडून उरलेल्या कुरणांत रुजत आहे.

पाइनच्या अशा प्रसाराचा जगभर अनुभव आहे. दक्षिण आफ्रिकेत केप प्रांतातील डोंगरांवर पाइन व इतर विदेशी झाडे पसरली आणि ओढ्यांचे पाणी घटले. १९९५ पासून तेथील शासन ‘वर्किंग फॉर वॉटर’ या कार्यक्रमातून मजुरी देऊन ती तोडून घेत आहे. पाइनवर ज्याची लाकूड निर्यात उभी आहे, त्या न्यूझीलंडलाही कुरणांत पसरलेले विदेशी सूचिपर्णी वृक्ष काढण्यासाठी राष्ट्रीय मोहीम चालवावी लागते. तात्पर्य, हवामान न जुळले तर झाड रोगाला बळी पडते. जुळले तर ते आवरणे कठीण होते. दोन्ही परिस्थितींत किंमत जमीनधारकाला आणि शेजाऱ्याला मोजावी लागते.

बेंगळुरूच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी अशीच किंमत युकॅलिप्टससाठी मोजली आहे. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या काळात कोलार आणि बेंगळुरू ग्रामीण भागांत नाचणीच्या शेतांवर हे झाड मोठ्या प्रमाणावर लावले गेले. मजुरी कमी लागे आणि लगद्यासाठी ग्राहक तयार होते. पुढे भूजलाची चिंता वाढत गेली आणि २०१७ मध्ये कर्नाटक शासनाने त्याच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. बंदी एका आदेशाने घालता येते, परंतु तोडल्यावर पुन्हा फुटणारे खुंट उपटून जमीन नाचणीखाली आणण्याचे काम शेतकऱ्यालाच करावे लागते. आपल्याकडील सुबाभळीचा इतिहासही विसरू नये. मेक्सिकोतून आलेल्या या झाडाने चारा आणि जळण दिले, हे खरे. परंतु त्याच्या पाल्यातील मिमोसिनमुळे तो बेताने द्यावा लागतो आणि आज अनेक ओढ्यांकाठी त्याचे एकसुरी रान माजले आहे.

मग लाकूड कोठून आणावे?

लाकडाची गरज खरी आहे आणि ती शेतातून भागविता येईल, यात शंका नाही. भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण स्वीकारले, त्यामागे हाच विचार होता. मात्र पर्याय निवडताना वर सांगितलेलीच कसोटी लावावी. बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातील काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत चंदन, मेलिया डुबिया (मलबार कडुनिंब) व इतर जातींवर काम चालते. बेंगळुरूस येणाऱ्या अभ्यासदौऱ्यांनी लालबागेबरोबर या संस्थेसाठीही अर्धा दिवस राखून ठेवावा.

मेलिया डुबिया ही देशी व जलद वाढणारी जात असून तिचे लाकूड प्लायवूडसाठी चालते. परंतु कारखाना जवळ नसेल तर वाहतूक नफा खाऊन टाकते. बांबूची वनाबाहेरील लागवड २०१७ मधील कायदादुरुस्तीनंतर ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळली गेल्याने तोडणी सुलभ झाली आहे. चंदन तर वरील धड्याचेच देशी उदाहरण आहे. ते अर्धपरजीवी असल्याने शेजारी तूर किंवा अन्य यजमान वनस्पती नसेल तर उपाशी राहते. त्यात चोरीचा धोकाही मोठा आहे. सारांश, देशी झाडालाही अटी असतात. फक्त त्या आपल्याला अधिक परिचित असतात.

आणि जेथे मूळचे गवत आहे, तेथे गवत राखणे हाही उत्तम निर्णय ठरू शकतो. सोलापूर-पुणे पट्ट्यातील माळराने कागदोपत्री ‘पडीक’ असली तरी तेथे धनगरांचे कळप चरतात आणि माळावरचे पशुपक्षी राहतात. प्रत्येक मोकळ्या जमिनीवर झाड हवेच, हा आग्रह सोडण्याची वेळ आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिफारस करण्यापूर्वीचे पाच प्रश्न

विस्तार कार्यकर्त्यांनी कोणत्याही नव्या वृक्षाची शिफारस करण्यापूर्वी, आणि शेतकऱ्यांनी रोपांची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी, पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. मूळ मुलखात पाऊस किती पडतो, यासोबत तो कोणत्या महिन्यांत पडतो आणि कोरड्या महिन्यांत झाड पाणी कोठून घेते?

२. त्याच्या मुळांना कोणत्या सहजीवी बुरशी, जिवाणू किंवा यजमान वनस्पतींची गरज आहे, आणि त्या आपल्या मातीत आहेत का?

३. मूळ मुलखात आणि इतर देशांत त्याला कोणते रोग व किडी लागल्या? रोपे किंवा बी अधिकृत तपासणीतून आले आहे का?

४. बी कसे पसरते? शेजाऱ्याच्या शेतात, ओढ्यात किंवा कुरणात गेल्यास ते कोण काढणार आणि किती खर्चाने?

५. लाकूड कोण घेणार, किती अंतरावर, आणि तोड व वाहतुकीचे नियम काय आहेत?

या पाचांपैकी एकाचेही उत्तर विक्रेत्याला देता आले नाही, तर एकरभर लागवड करू नये. फार तर बांधावर दहा झाडे लावून पाच वर्षे निरीक्षण करावे. हंगामी पिकात झालेली चूक पुढच्या हंगामात दुरुस्त करता येते. तीस वर्षांच्या झाडाबाबत चूक झाली, तर ती दुरुस्त करण्याची पाळी पुढच्या पिढीवर येते.

अभ्यासदौऱ्यावरील शेतकऱ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : पाइनचे लाकूड अवश्य वापरावे, पेटीवरचे चिन्ह पाहून घ्यावे, परंतु पाइनची लागवड आपल्या माळावर करू नये. ज्या पाच जागी तो वृक्ष स्वतःहून वाढला, तेथेही धुके, वणवा, बुरशी आणि चराई यांपैकी एकाचे गणित बिघडले की तो अडचणीत येतो. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात राळ गळविणारा खोडरोग आढळल्यापासून त्याच्या घरच्या वनांनाही चिंता लागली आहे. ज्याला आपल्या मुलखातच इतके सांभाळावे लागते, त्याच्याकडून परक्या पठारावर निश्चिंत उत्पन्नाची अपेक्षा करणे शहाणपणाचे नाही.